कंटेनर उघडल्यावर पहिलं काय चालतं?

मार्च २०१३. अमेरिकेतल्या सांता क्लारा इथे पायथॉन भाषा वापरणाऱ्यांची ‘पायकॉन’ परिषद भरली होती. छोट्या भाषणांच्या सत्रात सॉलोमन हाइक्स यांना पाच मिनिटं मिळाली. डॉटक्लाउड या त्यांच्या कंपनीत तयार झालेलं एक अवजार त्यांनी दाखवलं. त्याचं नाव डॉकर. प्रात्यक्षिक म्हणाल तर अगदीच किरकोळ होतं: बिझीबॉक्स नावाच्या इमेजमधून एक कंटेनर चालवला, त्याला ‘एको हॅलो वर्ल्ड’ ही कमांड दिली, पडद्यावर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटलं आणि कंटेनर तिथेच संपला.

तो का संपला हे नीट कळलं, की या प्रकरणाचं निम्मं काम झालं. कंटेनर म्हणजे छोटा कॉम्प्युटर, असं धरून बरेच जण सुरुवात करतात. कॉम्प्युटर चालू केला की काही काम नसलं तरी चालू राहतो, मग कंटेनरही तसाच राहील, अशी अपेक्षा असते. पण कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो बूट वगैरे होत नाही. यजमान मशीनच्या लिनक्सवर चालणारी ती एक साधी प्रोसेस असते. फक्त तिला आजूबाजूचं काय दिसावं, यावर कर्नलने बंधन घातलेलं असतं. तिला स्वतःच्याच फाइली दिसतात, स्वतःचंच नेटवर्क दिसतं, आणि प्रोसेसची यादी मागितली तर त्या यादीत ती स्वतः पहिल्या क्रमांकावर दिसते. हा वेगळा क्रमांक देण्याची सोय जानेवारी २००८मध्ये आलेल्या २.६.२४ या लिनक्स कर्नलपासून आहे. ही पहिली प्रोसेस संपली की कर्नल तिच्याबरोबरच्या बाकी सगळ्या प्रोसेसही मारून टाकतो. ‘एको’चं काम एक ओळ छापायचं; ती छापली, एको संपलं, म्हणून कंटेनर संपला. पहिली प्रोसेस जिवंत आहे तोवर कंटेनर जिवंत.

हाइक्स यांनी कमांड हाताने टाइप केली होती. रोजच्या कामात ते कोण करत बसणार? डेटाबेस चालवायला प्रोग्राम कुठला, तो कुठल्या फोल्डरमध्ये, त्याला पर्याय कुठले द्यायचे, हे सगळं वापरणाऱ्यानेच लक्षात ठेवायचं असेल, तर तयार इमेजचा उपयोग काय? म्हणून इमेज बनवणाराच तिच्यात एक ओळ लिहून ठेवतो: काही सांगितलं नाही तर हे चालव. इमेज बांधण्याच्या सूचना ज्या फाइलमध्ये असतात त्या डॉकरफाइलमध्ये ही ओळ बहुधा सगळ्यात शेवटी येते, आणि शेवटी येते म्हणूनच की काय, घाईघाईत उरकली जाते. दहातल्या नऊ वेळा कुठून तरी उचलून चिकटवलेली असते.

मागच्या प्रकरणात आपण इमेजचे थर पाहिले. डीफॉल्ट कमांड त्या थरांत नसते. थरांमध्ये फाइली असतात. कमांड असते ती थरांसोबत जाणाऱ्या एका छोट्या जेसॉन फाइलमध्ये. कुठल्या फोल्डरमधून सुरुवात करायची, कोणत्या युझरच्या नावाने चालवायचं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल कोणते, ही माहितीही तिथेच. म्हणून ‘डॉकर हिस्टरी’ काढून पाहिलंत तर या ओळीसमोर आकार शून्य बाइट दिसतो. २०१५मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी राहिली आणि २०१७मध्ये तिने इमेजच्या रचनेचं १.० प्रमाण जाहीर केलं. त्यामुळे डॉकरने बांधलेली इमेज पॉडमन चालवो की कुबरनेटीस, ती ओळ सगळ्यांना सारखीच वाचता येते.

नवख्या माणसाची पहिली गाठ पडते ती उबुंटूशी. तो ‘डॉकर रन उबुंटू’ टाइप करतो, क्षणभर थांबतो, आणि काहीही न छापता प्रॉम्प्ट परत येतो. एररसुद्धा नाही. इमेज बिघडली की काय असं वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं. उबुंटूच्या इमेजची डीफॉल्ट कमांड बॅश आहे. बॅश सुरू झाला, त्याने वाचायला कीबोर्ड शोधला, समोर कोणी नव्हतं. वाचण्यासारखं काही उरलं नाही म्हणून तो शहाण्यासारखा शून्य कोड देऊन बाहेर पडला. ‘-आयटी’ जोडून चालवा, म्हणजे कीबोर्ड आणि टर्मिनल त्याला मिळतं, आणि तोच बॅश तुमच्यासमोर बसून राहतो.

डॉकरफाइलमध्ये ‘रन’ आणि ‘सीएमडी’ या दोन सूचना जवळजवळ येतात आणि एकमेकींत मिसळतात. ‘रन’ इमेज बांधताना चालते. तिच्यामुळे फाइलींत जो बदल झाला तेवढा थर म्हणून साठतो. ‘सीएमडी’ बांधताना काहीच करत नाही, नुसती डीफॉल्ट कमांडची नोंद ठेवते. म्हणून ‘रन’मध्ये मायएसक्यूएल सुरू करून ठेवलं, तर बांधणी सुरळीत पार पडते आणि कंटेनरमध्ये मायएसक्यूएलचा पत्ता नसतो. चालू प्रोसेस इमेजमध्ये गोठवता येत नाही, राहतात त्या फाइली. आणि एका डॉकरफाइलमध्ये चार ‘सीएमडी’ लिहिल्या म्हणून चार प्रोग्राम चालत नाहीत. शेवटची तेवढी खरी.

हॉटेलात बसून नुसतं ‘चहा’ म्हटलं की साखर घातलेलाच येतो; ‘बिनसाखरेचा’ म्हटलं तर तसा येतो. ‘सीएमडी’ ही त्या साखरेसारखी आहे. वापरणाऱ्याने ‘डॉकर रन’च्या शेवटी इमेजच्या नावापुढे काहीही लिहिलं, की ‘सीएमडी’ पूर्णपणे बाजूला पडते आणि त्याने लिहिलेलं चालतं. थोडं हे, थोडं ते असं होत नाही, सगळीच्या सगळी बदलते.

दुसरी सूचना ‘एन्ट्रीपॉइंट’. ती इतक्या सहज हटत नाही. वापरणाऱ्याने शेवटी जे लिहिलं ते तिच्या जागी न येता तिच्या मागे चिकटतं. समजा एन्ट्रीपॉइंट ‘पिंग’ आहे आणि सीएमडी ‘लोकलहोस्ट’. काहीच न सांगता चालवलं तर ‘पिंग लोकलहोस्ट’. शेवटी दुसरा पत्ता दिला तर पिंग तोच, पत्ता नवा. दोन्ही लिहिल्या तर एन्ट्रीपॉइंट हा प्रोग्राम आणि सीएमडी ही त्याला द्यायची डीफॉल्ट पुरवणी. एन्ट्रीपॉइंटच बदलायचा असेल तर ‘--एन्ट्रीपॉइंट’ असं मुद्दाम लिहावं लागतं, आणि तसं केलं की इमेजमधली सीएमडीही गळून पडते. ते योग्यच आहे. जुन्या प्रोग्रामची पुरवणी नव्याला कशाला चालेल?

मग कुठे काय वापरायचं? माझं मत विचाराल तर इमेज म्हणजे एकच अवजार असेल, व्हिडिओचं रूपांतर करणारं किंवा कोड तपासणारं, तर एन्ट्रीपॉइंट लिहावा. ती इमेज त्या कमांडसारखीच वापरता येते. बाकी बहुतेक वेळा नुसती सीएमडी पुरते. रात्री दोन वाजता काहीतरी बिघडलेलं असताना कोणाला तरी त्या इमेजमध्ये शिरून शेल उघडायचा असतो, आणि तेव्हा शेवटी ‘बॅश’ एवढंच लिहून काम भागलं तर तो तुम्हाला दुवा देतो.

तिसरी रीत पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये पाहायला मिळते, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. तिथे एन्ट्रीपॉइंट ही एक शेल स्क्रिप्ट आहे आणि सीएमडी नुसती ‘पोस्टग्रेस’. कंटेनर सुरू झाला की स्क्रिप्टच्या हातात ‘पोस्टग्रेस’ हा शब्द येतो. आधी ती पाहते, की आलेला पहिला शब्द आडव्या रेघेने सुरू होतो का. होत असेल तर वापरणाऱ्याने नुसते पर्याय दिलेत असं समजून ती पुढे ‘पोस्टग्रेस’ स्वतःच जोडते. मग आपण रूट म्हणून चालतोय का ते पाहते. तसं असेल तर डेटाच्या फोल्डरची मालकी पोस्टग्रेस युझरकडे देऊन, त्या युझरच्या नावाने स्वतःलाच पुन्हा चालवते. डेटा फोल्डर रिकामं असेल तर नवा डेटाबेस उभा करते, त्यासाठी पासवर्ड दिला नसेल तर स्पष्ट शब्दांत सांगून थांबते, आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये तुम्ही ठेवलेल्या स्क्रिप्टी एकदाच चालवते. फोल्डर आधीच भरलेलं असेल तर यातलं काही करत नाही. आणि शेवटी ‘बॅश’ लिहिलंत तर मुकाट्याने बॅश देते. वापरणाऱ्याला ही सगळी उठाठेव दिसतही नाही. त्याच्या दृष्टीने एक कमांड दिली आणि डेटाबेस चालू झाला.

या स्क्रिप्टची शेवटची ओळ मात्र लक्षात ठेवा: ‘एक्झेक’ आणि त्यापुढे हातात आलेली सगळी कमांड. ‘एक्झेक’ म्हणजे नवी प्रोसेस काढू नकोस, स्वतःची जागा सोड आणि त्या जागी हा प्रोग्राम बसव. स्क्रिप्ट नाहीशी होते आणि पहिला क्रमांक पोस्टग्रेसकडे जातो. या ओळीत ‘एक्झेक’ नसतं तर काय झालं असतं, हे कळायला आधी चौकटी कंसांकडे वळावं लागेल.

सीएमडी आणि एन्ट्रीपॉइंट दोन्ही दोन तऱ्हांनी लिहिता येतात. एक, टर्मिनलवर लिहितो तशी साधी ओळ. तिला शेल फॉर्म म्हणतात. दुसरी, चौकटी कंसांत, प्रत्येक तुकडा दुहेरी अवतरणात, मध्ये स्वल्पविराम. ही एक्झेक फॉर्म. पहिल्या तऱ्हेत डॉकर तुमची ओळ जशीच्या तशी शेलच्या हाती देतो. पहिली प्रोसेस शेल, आणि तुमचा प्रोग्राम त्या शेलचं मूल. दुसऱ्या तऱ्हेत शेल मध्ये येतच नाही; तुमचा प्रोग्राम थेट पहिला.

शेल मध्ये असण्याचे फायदे आहेत. व्हेरिएबलच्या नावाजागी किंमत येते, दोन कमांड एकापुढे एक जोडता येतात. एक्झेक फॉर्ममध्ये डॉलरचं चिन्ह लावून व्हेरिएबल लिहिला तर प्रोग्रामला ते डॉलरचं चिन्ह आणि ती अक्षरंच मिळतात. उलट ज्या इमेजमध्ये शेलच ठेवलेला नसतो, म्हणजे ‘स्क्रॅच’वर बांधलेल्या किंवा डिस्ट्रोलेस इमेजमध्ये, तिथे शेल फॉर्म सुरूच होत नाही. एन्ट्रीपॉइंट शेल फॉर्ममध्ये लिहिला तर आणखी एक गंमत होते: सीएमडी आणि वापरणाऱ्याने शेवटी दिलेले शब्द दोन्ही वाऱ्यावर जातात, तक्रारही येत नाही.

कंसांतली यादी जेसॉन म्हणून वाचली जाते, आणि जेसॉनला एकेरी अवतरण चालत नाही. पायथॉनची सवय असलेला माणूस हमखास एकेरी लिहितो. डॉकर तिथे अडवत नाही. ही जेसॉन नाही, म्हणजे शेल फॉर्म असणार, असं धरून तो ती ओळ कंसासकट शेलला देतो. समजा यादीतला पहिला शब्द एनजिनएक्स होता, तर कंटेनर सुरू होताना शेल सांगतो, की चौकटी कंस, एनजिनएक्स आणि स्वल्पविराम अशा नावाची कमांड सापडली नाही. एररमध्ये प्रोग्रामच्या नावाला कंस चिकटलेला दिसला की समजावं, अवतरणं बदलायची आहेत.

एवढ्यावर भागलं असतं तर शेल फॉर्म ही नुसती आवडीनिवडीची गोष्ट राहिली असती. खरा फरक पडतो कंटेनर बंद करताना. ‘डॉकर स्टॉप’ म्हटलं की डॉकर कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसला सिगटर्म हा सिग्नल पाठवतो: आवरतं घे. डीफॉल्ट मुदत दहा सेकंद. तेवढ्यात ती संपली नाही तर सिगकिल, आणि त्यापुढे कोणाचं काही चालत नाही. कुबरनेटीसमध्ये हीच मुदत डीफॉल्ट तीस सेकंद असते. सिग्नल जातो तो फक्त पहिल्या प्रोसेसला. पहिली प्रोसेस शेल असेल तर तो सिग्नल शेलपाशी येऊन थांबतो. शेल तो आपल्या मुलाला पोहोचवत नाही. तुमचा प्रोग्राम आत निवांत काम करत असतो, त्याला काही कळलेलंच नसतं, आणि दहा सेकंदांनी त्याच्यावर घाव पडतो. एखाद्याचं पेमेंट अर्धं नोंदवलेलं, फाइल अर्धी लिहिलेली, कनेक्शन तसंच तुटलेलं. कंटेनर १३७ कोड देऊन संपतो: १२८ अधिक सिगकिलचा क्रमांक ९. (मेमरी संपल्यामुळे कर्नलने मारलं तरी १३७च येतो, म्हणून नुसत्या कोडवरून निदान करू नये.) नीट आवरून न घेता सिगटर्मनेच संपला असता तर १४३ आला असता. काही शेल साधी एकच कमांड दिसली तर स्वतःहून जागा सोडतात, त्यामुळे एका इमेजवर हा त्रास दिसतो आणि दुसऱ्या इमेजवर तीच ओळ सुरळीत चालते. अशा वेळी माणूस वेडा व्हायची पाळी येते.

पण थेट एक्झेक फॉर्म लिहिला की सुटलो, असंही नाही. लिनक्समध्ये पहिल्या क्रमांकाच्या प्रोसेसला कर्नल वेगळी वागणूक देतो. एरवी कुठल्याही प्रोसेसने सिगटर्मचं काय करायचं ते ठरवलं नसेल, तर कर्नल तिला संपवतो. पहिल्या प्रोसेसच्या बाबतीत मात्र, तिने त्या सिग्नलसाठी काही सोय केली नसेल तर सिग्नल सरळ दुर्लक्षिला जातो. साध्या लिनक्सवर ही जागा इनिटची, म्हणजे हल्ली बहुधा सिस्टिमडीची. तो चुकून मेला तर मशीनच बसेल, म्हणून हा जुना नियम. कंटेनरमध्ये ती जागा तुमच्या चाळीस ओळींच्या पायथॉन स्क्रिप्टला मिळते आणि तो नियमही वारशाने येतो. म्हणून तुमच्या लॅपटॉपवर सिगटर्म मिळताच बंद होणारी स्क्रिप्ट कंटेनरमध्ये सगळे दहा सेकंद ढिम्म बसते. नोडजेएसवर चालणाऱ्या प्रोग्रामचंही तसंच.

पहिल्या क्रमांकाची दुसरी जबाबदारी म्हणजे अनाथ प्रोसेस. एखाद्या प्रोसेसची जन्मदाती आधी संपली तर ती पहिल्या प्रोसेसच्या पदरात येते, आणि ती संपल्यावर तिची नोंद पुसण्याचं काम पहिलीवर पडतं. ते केलं नाही तर मेलेल्या प्रोसेसच्या नोंदी यादीत साचत राहतात. त्यांना झॉम्बी म्हणतात. तुमचा वेब सर्व्हर हे काम करायला लिहिलेला नसतो. त्यासाठी टिनी नावाचा एक अगदी छोटा प्रोग्राम आहे. तो पहिला बसतो, सिग्नल पुढे पोहोचवतो, झॉम्बी साफ करतो, बाकी काही नाही. जानेवारी २०१७मधल्या १.१३ आवृत्तीपासून डॉकरसोबत तो येतो आणि ‘डॉकर रन’ला ‘--इनिट’ जोडलं की लागू होतो. येल्प या कंपनीने याच कामासाठी डम्ब-इनिट काढला. टिनी मागे उभा असला की पायथॉनची स्क्रिप्ट पहिली राहत नाही, आणि सिगटर्मचा नेहमीचा परिणाम तिच्यावर पुन्हा होऊ लागतो.

एनजिनएक्सच्या अधिकृत इमेजची सीएमडी पाहिली तर तिच्यात एनजिनएक्सपुढे ‘डेमन ऑफ’ आणि अर्धविराम असं शेपूट दिसतं. ते का, हे आता सहज लक्षात येईल. सर्व्हरवर एनजिनएक्स सुरू केला की तो स्वतःची प्रत मागच्या बाजूला चालती ठेवून मूळ प्रोसेस संपवतो, म्हणजे तुमचं टर्मिनल मोकळं होतं. अनेक जुन्या सर्व्हर प्रोग्रामांची हीच रीत. कंटेनरमध्ये मूळ प्रोसेस संपणं म्हणजे खेळ खलास, म्हणून त्याला समोरच थांबायला सांगावं लागतं.

त्याच इमेजमध्ये ‘स्टॉपसिग्नल’ नावाची आणखी एक ओळ आहे. एनजिनएक्सला सिगटर्म मिळाला तर तो हातातली कनेक्शनं टाकून लगेच बंद होतो. सिगक्विट मिळाला तर चालू विनंत्या पुऱ्या करून मग बंद होतो. म्हणून त्या इमेजने बंद करण्याचा सिग्नल सिगक्विट ठरवला आहे. पोस्टग्रेसचं नेमकं उलटं: सिगटर्मवर तो इतका सभ्य होतो की प्रत्येक जोडलेला क्लायंट आपणहून जाईपर्यंत वाट पाहतो, आणि ॲपचं कनेक्शन उघडंच असेल तर दहा सेकंदांत ते होणे नाही. म्हणून तिथे सिगइंट ठरवला आहे, ज्याने चालू व्यवहार मागे घेऊन तो झटपट पण व्यवस्थित बंद होतो. सिगकिलने मेला तरी डेटा जात नाही, पण पुढच्या वेळी सुरू होताना त्याला लॉग वाचून सावरावं लागतं.

कुबरनेटीसने या सगळ्याला जी नावं दिली आहेत, ती कोणी ठरवली कोण जाणे. तिथल्या वायएएमएल फाइलमध्ये ‘कमांड’ लिहिलं की ते डॉकरच्या एन्ट्रीपॉइंटच्या जागी बसतं, आणि ‘आर्ग्स’ लिहिलं की सीएमडीच्या. सीएमडी हे कमांडचंच आखूड रूप दिसतं, म्हणून ‘कमांड’ म्हणजे सीएमडी असं डोळे झाकून धरणारे पोस्टग्रेससारख्या इमेजची एन्ट्रीपॉइंट स्क्रिप्टच उडवून टाकतात आणि डेटा फोल्डर का उभं राहत नाही म्हणून डोकं धरून बसतात. नुसती ‘कमांड’ दिली तर इमेजमधली सीएमडीही वापरली जात नाही. असाच एक छुपा नियम डॉकरफाइलमध्येही आहे: दुसऱ्याच्या इमेजवर स्वतःची इमेज बांधताना तुम्ही नवा एन्ट्रीपॉइंट लिहिला, की खालच्या इमेजकडून आलेली सीएमडी पुसली जाते. हवी असेल तर पुन्हा लिहावी लागते.

आणखी एक छळ विंडोजवर काम करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. एन्ट्रीपॉइंटची स्क्रिप्ट जागेवर असते, नाव बरोबर असतं, तरी कंटेनर ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. विंडोजच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर ठेवलेलं असतं. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शेलचा पत्ता असतो. कर्नल ते अक्षर धरून पत्ता वाचतो, आणि तशा नावाचा शेल खरोखरच नसतो. एररमध्ये नाव छापलेलं असतं मात्र स्क्रिप्टचं. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगीच दिलेली नसेल तर तक्रार वेगळी येते, परवानगी नाही अशी, आणि कोड १२६. कमांड मुळातच सापडली नाही तर १२७.

कुठल्याही इमेजमध्ये काय लिहिलंय ते ‘डॉकर इमेज इन्स्पेक्ट’ केलं की दिसतं. एन्ट्रीपॉइंट आणि सीएमडी हे दोन रकाने वाचा. यादीत सुरुवातीलाच शेलचं नाव आणि ‘-सी’ दिसलं, तर बनवणाऱ्याने कंस लिहिलेले नाहीत. अलीकडच्या डॉकरमध्ये अशी ओळ लिहिली तर बांधणीच्या वेळीच इशारा येतो, तो बहुतेक जण न वाचता सोडून देतात. मग कंटेनर चालवा, दुसऱ्या खिडकीतून ‘डॉकर स्टॉप’ द्या आणि घड्याळाकडे बघा. प्रॉम्प्ट लगेच परत आला तर ठीक. दहा सेकंदांनी आला, तर डॉकरफाइलची शेवटची ओळ पुन्हा उघडा, आणि ती बरोबर असेल तर ‘--इनिट’ लावून पुन्हा मोजा.